अभयारण्याची सहल : रामनगर ते चंद्रप्रभा

पाठपरिचय

शाळेची सहल म्हटली की मुलांच्या मनात आनंद दाटतो आणि पालकांच्या मनात काळजी. तुमच्यापैकी काहींना लहानपणी शाळेच्या सहलीला जाण्याची संधी मिळाली नसेल. काहींची मुले आज प्राथमिक शाळेत शिकत असतील आणि सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्याची वेळ तुमच्यावर येत असेल. अशा वेळी मनात प्रश्न येतो : लहान मुलांना इतक्या दूर जंगलात नेऊन काय साधते? वाघ-सिंह तर चित्रातही दिसतात!

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण वाराणसीजवळच्या रामनगरला जाऊ. या गावाशी दोन अभयारण्यांचा संबंध आहे. एक विंध्य पर्वताच्या डोंगरांत आहे. दुसरे गावाच्या दारातून वाहणाऱ्या गंगेत होते. या दोन्ही ठिकाणांचा इतिहास आणि तेथील सहलीतून मुलांनी काय शिकावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• अभयारण्य म्हणजे काय, हे आपल्या शब्दांत सांगू शकाल;
• चंद्रप्रभा अभयारण्यातील सिंहांचा प्रयोग का फसला, याची कारणे स्पष्ट करू शकाल;
• गंगेतील कासवांचे महत्त्व विशद करू शकाल;
• प्राथमिक शाळेच्या अभयारण्य-सहलीची आखणी करू शकाल;
• निसर्गातील नोंदी ठेवण्याची गरज पटवून देऊ शकाल.

मूळ पाठ

१. रामनगरची ओळख

मराठी माणसाला काशी परकी नाही. नागपूरच्या भोसल्यांनी बांधलेला घाट तेथे आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर आहेत. समोरच्या पूर्व तीरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला रामनगर वसले आहे. येथील किल्ला अठराव्या शतकात राजा बलवंतसिंह यांनी चुनारच्या पिवळसर दगडात बांधला. सुमारे महिनाभर चालणारी येथील रामलीला प्रसिद्ध आहे. लालबहादूर शास्त्री यांचे घरही याच गावात असून ते आता संग्रहालय म्हणून जतन केले आहे.

१९११ साली बनारस हे स्वतंत्र संस्थान झाले. त्यात रामनगर, भदोही आणि चकिया हे प्रदेश होते. चकियाच्या दक्षिणेला विंध्याचे डोंगर आणि दाट जंगल आहे. काशीनरेश त्या जंगलात शिकारीला जात असत. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे त्याच रानात चंद्रप्रभा अभयारण्य उभे राहिले. जेथे शिकारीचे हाकारे घुमत, तेथे शिकारीस बंदी आली. रामनगरच्या प्राथमिक शाळेतला एखादा वर्ग चंद्रप्रभेच्या सहलीला निघतो, तेव्हा साठ-सत्तर किलोमीटरच्या वाटेवर हा सारा बदल त्याच्या सोबत असतो.

२. अभयारण्य म्हणजे काय?

‘अभय’ आणि ‘अरण्य’ या दोन शब्दांच्या संधीतून ‘अभयारण्य’ हा शब्द तयार झाला. जेथे प्राण्यांना माणसाचे भय नाही, ते अभयारण्य. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वाराणसीजवळील सारनाथ येथे गौतम बुद्धांनी पहिला उपदेश केला. त्या जागेचे जुने नाव ‘मृगदाव’, म्हणजे हरणांचे वन. सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोणते प्राणी मारू नयेत याची यादीच कोरलेली आहे. त्या यादीत कासव आहे, साळिंदर आहे आणि ‘गंगापुपुटक’ असाही एक शब्द आहे. हा शब्द गंगेतील डॉल्फिनसाठी असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका राजाने प्राण्यांची नावे दगडावर लिहून ठेवली, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याला ती उपयोगी पडणार आहे.

आजच्या भारतात अभयारण्याला कायद्याचा आधार आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार राज्य शासन एखादे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित करू शकते. तेथे परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. अभ्यास, संशोधन, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना मिळतो. प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे यांस कायद्याने मनाई आहे. राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये दिली आहेत. वने, तळी, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे त्यांपैकी एक कर्तव्य होय.

येथे ‘देशी’ या शब्दाचाही विचार करू. एखाद्या प्रदेशात जे प्राणी व वनस्पती माणसाने न आणता मुळापासून राहत आले, ते त्या प्रदेशाचे देशी जीव. मोह, टेंभुर्णी, चितळ, सांबर हे आपल्या रानाचे देशी रहिवासी आहेत. याउलट घाणेरी किंवा टणटणी या नावाने ओळखले जाणारे रंगीत फुलांचे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी शोभेसाठी ते भारतात आणले गेले आणि पुढे देशभरच्या रानांत पसरले. त्याच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही आणि गवत नसले की हरणांची उपासमार होते. म्हणून अभयारण्यात केवळ ‘हिरवे दिसते’ एवढ्याने समाधान मानता येत नाही. ते हिरवे कोणाचे आहे, हेही पाहावे लागते.

३. चंद्रप्रभेच्या रानात

चंद्रप्रभा अभयारण्याची स्थापना मे १९५७ मध्ये झाली. तेव्हा हा भाग वाराणसी जिल्ह्यात होता. १९९७ साली चंदौली हा वेगळा जिल्हा झाला आणि अभयारण्य त्यात गेले. त्याचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून कमी आहे. चंद्रप्रभा नदीवरून त्याला नाव मिळाले. ही नदी डोंगरकड्यावरून उड्या घेत खाली येते. तिचे राजदरी आणि देवदरी हे दोन धबधबे पाहण्यासाठी दुरून लोक येतात.

या रानात चितळ, सांबर, नीलगाय, चिंकारा, चौशिंगा, रानडुक्कर, साळिंदर, अस्वल आणि बिबट्या यांचा वावर आहे. पक्षी विपुल आहेत. परंतु सहलीला गेलेल्या चाळीस मुलांना बिबट्या दिसेल, अशी आशा कोणी धरू नये. वन्यप्राणी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांसारखे समोर उभे राहत नाहीत. ते माणसाची चाहूल घेतात आणि दूर होतात. त्यांच्या खुणा मात्र मागे राहतात. पाणवठ्याच्या चिखलात खुरांचे ठसे उमटलेले असतात. वाटेवर लेंड्या पडलेल्या असतात. झाडाच्या खोडावर शिंगे घासल्याच्या खुणा असतात, तर कोठे साळिंदराचा काटा गळून पडलेला असतो. वनरक्षक हे सारे वाचू शकतो. ज्याला अक्षर येत नाही त्याला पुस्तक कोरेच वाटते, तसेच ज्याला खुणा वाचता येत नाहीत त्याला जंगल रिकामे वाटते. तुम्ही नव्याने वाचायला-लिहायला शिकला असाल, तर या तुलनेचा अर्थ तुम्हांला अधिक चांगला कळेल.

पाठगत प्रश्न – १

योग्य पर्याय निवडा.
(क) चंद्रप्रभा अभयारण्याची स्थापना या वर्षी झाली – (i) १९११ (ii) १९४९ (iii) १९५७ (iv) १९९७
(ख) घाणेरी हे झुडूप मूळचे – (i) विंध्य पर्वतातले (ii) अमेरिका खंडातले (iii) गीरमधले (iv) कोकणातले
(ग) ‘मृगदाव’ हे जुने नाव या ठिकाणाचे – (i) रामनगर (ii) चकिया (iii) चुनार (iv) सारनाथ

४. जो दिसत नाही तो सिंह

चंद्रप्रभेच्या रानातला सर्वांत महत्त्वाचा प्राणी मुलांना दिसणारच नाही, कारण तो आता तेथे नाही. तो प्राणी म्हणजे सिंह.

भारतीय राजमुद्रेवरचे सिंह आपण नाण्यांवर व नोटांवर रोज पाहतो. ते सारनाथच्या अशोकस्तंभाच्या शिरोभागावरून घेतले आहेत. म्हणजे रामनगरच्या मुलांच्या दृष्टीने हे सिंह शेजारच्या गावचेच! प्रत्यक्ष सिंहही एके काळी उत्तर भारताच्या मोठ्या भागात राहत होते. बेसुमार शिकारीमुळे आणि जंगले घटल्यामुळे ते एकेका प्रदेशातून नाहीसे झाले. विसाव्या शतकात आशियाई सिंह जगात फक्त गुजरातमधील गीरच्या जंगलात उरले. १९५५ च्या गणनेत तेथे सुमारे २९० सिंह होते.

सगळे धान्य एकाच कणगीत ठेवले आणि त्या कणगीला कीड लागली, तर घरात दाणाही उरत नाही. सिंहांच्या बाबतीत तज्ज्ञांना हीच भीती वाटत होती. गीरमध्ये एखादी साथ आली किंवा वणवा पेटला तर अख्खी जात संपेल. म्हणून सिंहांना दुसरे घर द्यावे, असे ठरले. त्यासाठी चंद्रप्रभेची निवड झाली आणि १९५७ मध्ये एक सिंह व दोन सिंहिणी तेथे सोडण्यात आल्या.

प्रारंभी सारे ठीक चालले. सिंहांना पिल्ले झाली. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरा झाल्याचे सांगितले जाते. त्यानंतर मात्र ते हळूहळू दिसेनासे झाले आणि काही वर्षांतच चंद्रप्रभेत एकही सिंह उरला नाही.

असे का घडले? अभ्यासकांनी याची काही कारणे दिली आहेत. पहिले कारण जागेचे. गीरचे संरक्षित क्षेत्र सुमारे १४०० चौरस किलोमीटर आहे आणि चंद्रप्रभा त्या मानाने फारच लहान आहे. सिंहांची संख्या वाढली की ते अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडणार, हे उघड होते. दुसरे कारण माणसांचे. हद्दीबाहेर गावे होती, गुरे होती. ज्याची गाय सिंहाने मारली, त्या गरीब गुराख्याला सिंहाचे महत्त्व कोणी समजावून सांगितले नव्हते आणि त्याच्या नुकसानीची जबाबदारीही कोणी घेतली नव्हती. सिंहांना गोळ्या घातल्या गेल्या असाव्यात किंवा विष दिले गेले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे.

येथे ‘असावे’ हा शब्द वापरावा लागतो आणि त्यातच तिसरे कारण दडलेले आहे. सिंहांवर पद्धतशीर लक्ष ठेवलेच गेले नाही. कोणता सिंह कोठे जातो, काय खातो, पिल्ले किती जगली, हे दिवसेंदिवस लिहून ठेवणारी व्यवस्था नव्हती. त्यामुळे अकरा सिंह गेले कोठे, याचे निश्चित उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही. प्राणी हरवले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या हरवण्याचे कारणही हरवले.

दुसऱ्या घराचा प्रश्न तेथेच संपला नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवण्याचा आदेश दिला. २०१८ मध्ये गीरच्या एका भागात विषाणूची साथ येऊन वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा जुनी भीती किती खरी होती हे दिसून आले. २०२२ मध्ये कुनोत प्राणी आले, परंतु ते आफ्रिकेतून आणलेले चित्ते होते. गुजरातने मात्र सिंहांची राखण नेटाने केली. २०२५ च्या गणनेत तेथे ८९१ सिंह नोंदले गेले. एकीकडे ८९१ आणि दुसरीकडे शून्य, या दोन आकड्यांत अनेक गोष्टींचे अंतर आहे. सतत ठेवलेली नजर ही त्यांपैकी एक मोठी गोष्ट आहे.

५. दारातले अभयारण्य

आता डोंगरातून पुन्हा रामनगरला येऊ. किल्ल्याच्या पायथ्याशी गंगा वाहते. येथून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंत नदीचा सुमारे सात किलोमीटरचा पट्टा १९८९ साली कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला होता. गोड्या पाण्यातील कासवांसाठी असलेले हे देशातील पहिले अभयारण्य. गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचाच तो एक भाग होता.

कासवांचा आणि शुद्धीकरणाचा संबंध काय? काशीच्या घाटांवर अखंड दहनविधी चालतात. अर्धवट जळलेले देहावशेष नदीत जातात. मेलेली जनावरेही वाहत येतात. गंगेत मऊ पाठीची मोठी कासवे असतात. त्यांची ढाल दोन फुटांहून लांब वाढू शकते. ती मासे, वनस्पती खातात, तसेच कुजणारे मांसही खातात. नदीचे हे नैसर्गिक सफाई कामगार होत. म्हणून सारनाथ येथे प्रजनन केंद्र उभारून कासवांची अंडी उबवण्यात आली आणि वाढवलेली हजारो पिल्ले गंगेत सोडण्यात आली.

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. कासवी केवळ प्रेमळ दृष्टीने पिलांना वाढवते, अशी कल्पना संतसाहित्यात आढळते. देवाच्या कृपेसाठी ती सुंदर उपमा आहे. प्रत्यक्षात कासवाची मादी नदीकाठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, ती झाकते आणि निघून जाते. पिल्लांना आई पुन्हा भेटत नाही. त्यांना ऊब देते ती वाळू. म्हणून वाळवंट हेच कासवाच्या पिल्लांचे पाळणाघर होय. वाळू उपसली, तेथे नांगर चालला किंवा कुत्र्यांनी अंडी उकरली, तर नदीत कितीही स्वच्छ पाणी असले तरी कासवांची पुढची पिढी जन्माला येत नाही.

अभयारण्यामुळे या पट्ट्यात वाळू उपशावर बंदी आली. पुढे त्यावरून वाद झाला. पूर्व तीरावर वाळू साचल्यामुळे प्रवाहाचा जोर पश्चिमेच्या घाटांवर येतो, असे काहींचे म्हणणे होते. सोडलेल्या पिल्लांपैकी किती जगली, हा प्रश्नही वारंवार विचारला गेला. दरम्यान गंगेतून मालवाहतुकीचा जलमार्ग आखला गेला आणि रामनगर येथे उभारलेल्या मालधक्क्याचे उद्घाटन नोव्हेंबर २०१८ मध्ये झाले. अखेर २०२० साली हे अभयारण्य रद्द करण्यात आले. त्याच वर्षी प्रवाहाच्या वरच्या अंगाला प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या भागातील सुमारे तीस किलोमीटरचा पट्टा कासवांसाठी नवे अभयारण्य म्हणून घोषित झाला.

या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. घाटांचे रक्षण व्हावे, वाहतूक वाढून लोकांना रोजगार मिळावा, या अपेक्षा रास्तच आहेत. कासवे राहावीत ही अपेक्षाही तितकीच रास्त आहे. अशा प्रसंगी निर्णय घेणाऱ्यांच्या हाती नेमकी माहिती असावी लागते. नदीत कासवे किती होती, वाढली की घटली, अंडी कोठे घालत होती, याच्या वर्षानुवर्षांच्या भक्कम नोंदी असत्या, तर कासवांची बाजू मांडणे सोपे झाले असते. ज्याची नोंद नाही, त्याची बाजू दुबळी पडते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. अभयारण्य रद्द झाले तरी कासवाचे संरक्षण रद्द झालेले नाही. गंगेतील मऊ पाठीचे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला कोठेही पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. गंगेतील डॉल्फिन, म्हणजे तेथील लोकांचा ‘सूंस’, यालाही असेच संरक्षण आहे. २००९ साली त्याला राष्ट्रीय जलचर प्राण्याचा मान मिळाला. २०२५ मध्ये नद्यांतील डॉल्फिनच्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात ६३२७ डॉल्फिन असून सर्वाधिक, म्हणजे २३९७, उत्तर प्रदेशात आहेत. नावेतून नदीवर सतत नजर ठेवून, श्वासासाठी वर आलेला एकेक डॉल्फिन टिपत ही मोजणी झाली.

पाठगत प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(क) चंद्रप्रभेत १९५७ मध्ये किती सिंह-सिंहिणी सोडण्यात आल्या?
(ख) गंगेतील मऊ पाठीच्या कासवांना सफाई कामगार का म्हटले आहे?
(ग) वाळवंटाला कासवाच्या पिल्लांचे पाळणाघर का म्हटले आहे?

६. सहल कशी असावी?

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. लहान मुलांना अभयारण्यात नेऊन काय साधते? पाहणे, मोजणे आणि लिहून ठेवणे या तीन सवयी लागतात. सिंहांच्या आणि कासवांच्या कथेत ज्याची उणीव होती, तेच मुले सहलीत शिकू शकतात. मात्र त्यासाठी सहलीची आखणी विचारपूर्वक करावी लागते.

सहलीपूर्वी : शिक्षकांनी वन विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रे घ्यावीत. संमतिपत्रात जाण्या-येण्याची वेळ, वाहन, सोबतचे शिक्षक आणि मुलाच्या आजारपणाची माहिती यांचा उल्लेख असावा. पालकांनीही सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचावे आणि शंका विचाराव्यात. तो त्यांचा अधिकार आहे. वर्गात नकाशा लावून रामनगर, चकिया आणि चंद्रप्रभा ही ठिकाणे मुलांना शोधायला सांगावीत. अभयारण्यात सिंह होते आणि आता नाहीत, ही गोष्ट आधीच सांगावी. पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, परंतु खडक निसरडे असतात. लहान मुलांसाठी हिवाळ्याचे दिवस अधिक सुरक्षित.

सहलीत : मुलांचे छोटे गट करावेत व प्रत्येक गटासोबत एक मोठी व्यक्ती असावी. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत. धबधब्याच्या कड्याजवळ जाऊ नये. माकडांना खाऊ घालू नये, कारण अशाने ती माणसाच्या अन्नाला सोकावतात आणि पुढे मुलांच्याच अंगावर येतात. जंगलात पोहोचल्यावर सर्वांनी पाच मिनिटे डोळे मिटून शांत बसावे आणि ऐकू आलेले आवाज बोटांवर मोजावेत. नंतर प्रत्येकाने वहीत तीन रकाने आखावेत : ‘काय दिसले’, ‘काय ऐकू आले’ आणि ‘कोणाची खूण आढळली’. जे दिसले नाही ते दिसले म्हणून लिहू नये. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर त्याचा रंग, आकार आणि तो काय करीत होता हे लिहावे. वनरक्षकांना मुलांनी प्रश्न विचारावेत. रात्रंदिवस रानात पायी फिरणाऱ्या या माणसाजवळ पुस्तकात नसलेली माहिती असते.

सहलीनंतर : वर्गात सर्व वह्यांतील नोंदी एकत्र करून एक मोठा तक्ता तयार करावा, त्यावर तारीख घालावी आणि तो जपून ठेवावा. पुढच्या वर्षीचा वर्ग त्याच महिन्यात त्याच ठिकाणी गेला, तर दोन तक्त्यांची तुलना करता येईल. मागच्या वर्षी पाणवठ्यावर ठसे होते, यंदा का नाहीत? येथून खरा अभ्यास सुरू होतो. घरी आजी-आजोबांना, नावाड्यांना, गुराख्यांना जुन्या आठवणी विचारून त्याही लिहून काढता येतात. ज्यांना दूरची सहल परवडत नाही, त्या शाळेने नदीकाठीच सहल न्यावी. गंगेचा किनारा पाहायला प्रवासखर्च लागत नाही.

७. आपल्या परिसरात

अशा नोंदींतून काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे छोटे गाव आहे. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालण्यासाठी किनाऱ्यावर येतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात किंवा कोल्ही-कुत्री ती फस्त करीत. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने घरट्यांची राखण सुरू केली. गावातली माणसे पहाटे किनाऱ्यावर फिरतात, कासवाच्या पावलांचा माग काढतात, अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात आणि प्रत्येक घरट्याची तारीख व अंड्यांची संख्या लिहून ठेवतात. त्या तारखेवरूनच पिल्ले केव्हा बाहेर येतील याचा अंदाज बांधता येतो. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी आता दूरदूरचे लोक येतात आणि ग्रामस्थांच्या घरी राहतात. त्यातून गावाला उत्पन्न मिळते. चंद्रप्रभेच्या गुराख्याला सिंहापासून केवळ नुकसान होते, वेळासच्या ग्रामस्थाला कासवापासून मानही मिळाला आणि मिळकतही.

तुम्ही राहता तेथेही एखादे राखीव रान, देवराई, तळे किंवा नदीचा डोह असेल. तेथे कोणते देशी प्राणी-पक्षी येतात, पूर्वी कोणते येत असत, हे तुम्हांला किंवा तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. ते ज्ञान केवळ स्मरणात राहिले, तर माणसासोबत जाते. कागदावर उतरले, तर पुढच्यांच्या कामी येते. तुम्ही आता लिहू शकता. तुमच्या मुलाच्या सहलीच्या वहीत पहिले पान तुमच्या आठवणींचे असू द्या. लहानपणी पाहिलेला आणि आज न दिसणारा एक प्राणी त्यावर लिहा. त्याखालची पाने तो स्वतः भरील.

सारांश

• अभयारण्य हे कायद्याने संरक्षित क्षेत्र असते. तेथे देशी प्राणी व वनस्पती यांना निर्भयपणे जगता यावे, हा त्याचा हेतू होय.
• चंद्रप्रभेत १९५७ मध्ये सोडलेल्या सिंहांची संख्या वाढली, परंतु अपुरी जागा, लोकांचा सहभाग नसणे आणि पद्धतशीर नोंदींचा अभाव यांमुळे ते नाहीसे झाले.
• रामनगरजवळील कासव अभयारण्य १९८९ मध्ये घोषित झाले व २०२० मध्ये रद्द झाले. कासवांचे कायदेशीर संरक्षण मात्र कायम आहे.
• सहलीतून मुलांना पाहणे, मोजणे व लिहून ठेवणे या सवयी लागतात. या सवयींवरच वन्यजीवांचे रक्षण अवलंबून असते.

शब्दार्थ

हाकारा – शिकारीत जनावर उठवण्यासाठी केलेला आरडाओरडा. कणगी – धान्य साठवण्याचे मोठे पात्र. पाणवठा – प्राणी पाणी पिण्यासाठी येतात ती जागा. वाळवंट – (येथे) नदीकाठचा वाळूचा विस्तार. ढाल – (येथे) कासवाच्या पाठीचे कवच. सोकावणे – चटक लागणे. देवराई – देवाच्या नावाने राखलेले रान. अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी.

स्वाध्याय

१. ‘प्राणी हरवले आणि त्यांच्यासोबत त्यांच्या हरवण्याचे कारणही हरवले’ या विधानाचे स्पष्टीकरण सात-आठ ओळींत करा.
२. चंद्रप्रभेतील गुराखी आणि वेळासचे ग्रामस्थ यांच्या अनुभवांची तुलना करा.
३. रामनगरचे कासव अभयारण्य रद्द करण्याच्या निर्णयाबाबत दोन्ही बाजू मांडा व आपले मत लिहा.
४. तुमच्या मुलाच्या शाळेच्या सहलीविषयी शंका विचारणारे पत्र मुख्याध्यापकांना लिहा.
५. ‘अभय + अरण्य = अभयारण्य’ याप्रमाणे पुढील शब्दांचा संधिविग्रह करा : विद्यालय, हिमालय, देहावशेष.
६. उपक्रम : घराजवळच्या एका झाडावर आठवडाभर रोज सकाळी दहा मिनिटे कोणते पक्षी व कीटक येतात, याची तारीखवार नोंद ठेवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (क) iii (ख) ii (ग) iv
प्रश्न २ : (क) एक सिंह व दोन सिंहिणी सोडण्यात आल्या. (ख) ती कुजणारे मांस खाऊन नदी स्वच्छ ठेवण्यास मदत करतात, म्हणून. (ग) कासवाची अंडी नदीकाठच्या वाळूच्या उबेत उबतात व पिल्ले तेथेच जन्मतात, म्हणून.